वेशीबाहेरून आलेली हाक : मराठवाड्यातल्या पास्टरेट कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या सर्व मंडळ्यांचे पाळक, पंच आणि पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा सभासद आहे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून मंडळीचं हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असतं. या जानेवारीत आमच्या वार्षिक सभेत दोन ठराव झाले. पहिला असा की, सलग चार महिने उपासनेला गैरहजर असलेल्या आणि वर्गणी थकलेल्या सभासदांची नावं मतदार यादीतून कमी करावीत. दुसरा असा की, उपासनेत ज्यांना साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं असेल किंवा प्रार्थना चालवायची असेल, त्यांनी आपला मजकूर आधी लिहून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीला दाखवावा. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. विरोध करणार कोण? ज्यांच्यावर हे ठराव लागू होणार, ती माणसं त्या दिवशी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात होती.

मंडळीचं नाव मी लिहीत नाही. असेच ठराव आणखी काही ठिकाणी होऊ घातले आहेत असं कानावर आलं, म्हणून हे पत्र सगळ्यांना. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. त्या सभेत मी हजर होतो आणि गप्प बसलो. घरी येऊन रजिस्टर उघडलं, लाल पेन घेतलं आणि एकेक नाव खोडायला लागलो. एकवीस नावं होती. सहा खोडली. सातवं नाव मावशींचं होतं. तिथून पुढे माझा हात चालला नाही.

मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या एक ऊसतोड बाई. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, वयाने मोठा असून मीही म्हणतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्यात मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दसरा-दिवाळीला ट्रकमध्ये बिऱ्हाड चढवायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं. गेली तीस वर्षं हेच चालू आहे. शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत. लिहून दाखवा म्हणजे काय, त्यांना आपलं नावसुद्धा लिहिता येत नाही. वर्गणी मात्र त्यांनी कधी बुडवलेली नाही. हंगाम संपून हिशेब झाला की वर्षाची एकदम आणून देतात, रुमालात गाठ मारून. आपल्या वहीत ती डिसेंबरअखेर थकलेली दिसते एवढंच.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझी पत्नी वारली. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांची कमी नव्हती. बरेच जण बायबलातली वचनं घेऊन आले. देवाची इच्छा, त्याने दिलं त्याने नेलं, ती आता चांगल्या ठिकाणी आहे. त्यांचा हेतू चांगला होता आणि वचनंही खरी होती, पण मला ती ऐकवत नव्हती. मी चर्चला जाणं बंद केलं. मावशी रोज दिवेलागणीला दोन भाकरी आणि पिठलं घेऊन यायच्या. ओट्यावर बसायच्या. मी जेवलो की भांडी घासून घेऊन जायच्या. त्यांनी मला एकही वचन ऐकवलं नाही. दसऱ्याला ट्रकवर चढायच्या आधी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, नाताळ घरात एकट्यानं काढू नका. आमच्याकडं या."

मी गेलो. एसटीने तालुक्याच्या गावापर्यंत आणि तिथून कारखान्यावरून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कारखान्याचा तळ होता तो. पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या, एकीला लागून एक, आत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. चोवीस डिसेंबरची रात्र. थंडी अशी की चुलीपासून उठवत नव्हतं. पहाटे तीनला गाडी भरायला हाक आली आणि सगळे उठून गेले. नाताळच्या दिवशीही दुपार उलटेपर्यंत तोड चालू होती. एक दिवस बसलं की मुकादमाच्या वहीत खाडा लागतो, आणि खाड्याचा दंड कुणालाच परवडत नाही.

पंचहो, इथे जरा थांबा. नाताळला फडात गेले नाहीत तर मुकादम त्यांचा खाडा लावतो. नाताळला चर्चमध्ये आले नाहीत तर आपण लावतो. ही माणसं दोन वह्यांच्या मध्ये सापडली आहेत, आणि त्यातली एक वही माझ्या हातात आहे.

संध्याकाळी एका कोपीपुढे वीसेक माणसं जमली. त्यातली ख्रिस्ती घरं तीनच. बाकी वंजारी, लमाण, बौद्ध, दोन मराठा कुटुंबं. मावशींजवळ साधा मोबाईल आहे, त्यातल्या मेमरी कार्डात अख्खं बायबल ऐकायला भरलेलं. तोडीला जाताना, भाकरी थापताना, मोळ्या बांधताना ते चालू असतं. त्यांच्या हातांवर उसाच्या पात्याने कापलेल्या बारीक रेघा आहेत, मनगटापासून कोपरापर्यंत, जुन्या पांढऱ्या आणि नव्या लाल. अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्याच हाताने त्यांनी मोबाईलवर लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, लावला, मेंढपाळांपर्यंत ऐकवला आणि बंद केला. मग म्हणाल्या:

"मेंढरं राखणारे रात्री रानात व्हते. गावात समदे निजले व्हते. म्हणून देवदूत रानात आला. हे बी घरी निजले असते तर त्यानला काय कळलं असतं? कामावर व्हते म्हणून घावले. आपुन बी कामावरच हाव."

एवढंच. नंतर लेकरांना गुळाचा खडा आणि शेंगदाणे वाटले. लमाण्यांच्या एका पोरीने बैलाचा खांदा सुजलाय म्हणून प्रार्थना मागितली, आणि मावशींनी बैलासाठी तितक्याच गंभीरपणे प्रार्थना केली जितकी आपण बिशपसाहेबांसाठी करतो. शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं. पत्नी गेल्यापासून मी प्रार्थनेला तोंड उघडलं नव्हतं. त्या रात्री उघडलं.

मी उभ्या आयुष्यात नाताळची पन्नास-साठ तरी प्रवचनं ऐकली असतील. मेंढपाळ कामावर होते म्हणून सापडले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कामावरचंच माणूस लागलं.

आता चार कुष्ठरोग्यांची गोष्ट. ती मला मावशींमुळेच पुन्हा वाचावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्या मला ती सांगत होत्या आणि सांगताना त्यांनी चाराचे दहा केले. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी त्यांच्या डोक्यात यांच्याशी मिसळले होते. मी म्हटलं, ते दहा वेगळे, हे चार जुन्या करारातले, २ राजे, सातवा अध्याय. त्या म्हणाल्या, "असं व्हय? मंग दहा जणांचं वेगळं ठिवते." आणि पुन्हा पहिल्यापासून, चारच धरून, सांगितली.

इस्राएलाची राजधानी शोमरोन, तिला अरामी फौजेचा वेढा पडलेला. शहरात दुष्काळ इतका की गाढवाचं मुंडकं चांदीच्या ऐंशी नाण्यांना विकलं जात होतं. वेशीच्या बाहेर चार कुष्ठरोगी बसलेले. आत जावं तर उपासमार, इथे बसावं तरी मरण, म्हणून ते शत्रूच्या छावणीकडे निघाले. जाऊन बघतात तर छावणी रिकामी. देवाने अराम्यांच्या कानी रथांचा आणि घोड्यांचा आवाज घातला आणि ते सगळं टाकून पळाले होते. चौघं पोटभर जेवले, सोनं-चांदी लपवून आले, आणि मग त्यांच्या मनाला ते टोचलं. आजचा दिवस शुभवर्तमानाचा आणि आपण गप्प बसलोय, हे बरं नाही, असं ते एकमेकांना म्हणाले. रात्रीच परत आले आणि वेशीवरून हाक मारली.

वेशीवरून मारली, कारण कुष्ठरोग्यांना आत जागा नव्हती. ज्या शहराने त्यांना बाहेर ठेवलं, त्या शहराच्या तोंडात घास त्यांच्या हाकेने पडला. राजाला ते पटलं नाही. त्याला वाटलं यात काही डाव आहे. तेव्हा तोडगा सुचला तो त्याच्या एका चाकराला, आणि त्या चाकराचंही नाव शास्त्रात नाही.

या गोष्टीत मला द्वारपाळ फार महत्त्वाचे वाटतात. रात्रीच्या अंधारात वेशीबाहेरून चार रोगी ओरडत होते. द्वारपाळांनी त्यांची जात विचारली नाही, मजकूर लिहून आणा म्हणून सांगितलं नाही. त्यांनी फक्त ती हाक आत राजवाड्यापर्यंत पोचवली. वेस कुणासाठी उघडायची हे त्यांना नेमून दिलेलं काम होतंच. पण बाहेरून बातमी आली तर ती आत नेणं, हेही त्यांचंच काम होतं. पंचहो, मंडळीच्या वेशीवर आज तुम्ही आहात.

आपल्या मराठवाड्याचीच गोष्ट घ्या. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवली. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला माणूस. त्यांचं काम वाढलं ते मांगवाड्यांतून. आणि वसाहतीला जमीन मिळाली ती निजामाच्या राज्याचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. घर सुटलेला एक ब्राह्मण, गावाने दूर ठेवलेले मांग आणि निजामाचा मुसलमान दिवाण. या तिघांना एकत्र आणून देव जालन्यात मंडळी उभी करील, असं कोणत्या कमिटीने ठरवलं असतं? तेव्हाच्या औरंगाबादेत चर्च मिशनचं काम वर्षानुवर्षं वाहिलं रतनजी नवरोजी या पारशी माणसाने. वैजापूर तालुक्यात घोगरगावला फादर जाकियर फ्रान्सहून आले आणि शेवटपर्यंत तिथल्याच माणसांचे होऊन राहिले. आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहणारे होते. माझेही. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी ऐकलं, पाठ केलं आणि शेजारच्या वाड्यावर जाऊन तोंडी सांगितलं. तेव्हा मजकूर लिहून आणायचा नियम असता तर आज या कमिटीवर बसायला आपल्यातलं कोण उरलं असतं?

रेव्हरंड ना. वा. टिळकांचीही आठवण येते. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला, बोलणं झालं, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला. पुढे १८९५ मध्ये टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची भजनं आजही दर रविवारी आपल्या तोंडी असतात. तो प्रवासी कोण, कुठला, हे टिळकांना कधीच कळलं नाही. कोणत्याही मंडळीच्या रजिस्टरात ही नोंद सापडणार नाही.

तुमची बाजू मला माहीत आहे, कारण सभेत ती मी नीट ऐकली. कुणीही उठून काहीही बोललं तर खोटं शिक्षण शिरतं. हे खरं आहे, आणि मराठवाड्यात आपण ते पाहिलंही आहे. प्रार्थनेचं म्हणून तेल विकणारे, कर्ज फिटेल म्हणून प्रार्थनेचे पैसे घेणारे. जपायलाच हवं. पण जपायचं कसं, हे नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. अपुल्लोस मोठा विद्वान, बोलणारा जोरकस, पण त्याला सगळं ठाऊक नव्हतं. त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट कुणी समजावला? अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने. क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोमहून उठलेलं, करिंथात तंबू करण्याच्या कामावर पोट भरणारं जोडपं. पोट पाठीवर घेऊन गाव सोडलेली, एकाच कामाला जुंपलेली नवरा-बायको. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कोयता. त्यांनी अपुल्लोसाला गप्प केलं नाही. घरी नेलं आणि शिकवलं. मावशींच्या दहाचे चार करायला मला ठराव लागला नाही. बांधावर पाच मिनिटं बसावं लागलं.

आणखी एक बोलतो, कारण ते मनात फार दिवस आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा साऱ्या राज्यात झाली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, दुखणं नको, म्हणून तिशीतल्या बायकांनी पोटं कापून घेतली. त्यात आपल्याही लेकी होत्या. त्या वर्षी आमच्या मंडळीत त्यांच्यासाठी एकही प्रार्थना झाली नाही. कमिटीला कळलंच नाही, असं म्हणता येईल. बरोबरच आहे, कळणार कुठून? ज्यांना सांगता आलं असतं, त्यांना उभं राहून बोलायची जागा नव्हती. मावशींनी मला हे फडावर सांगितलं, मोळी बांधता बांधता, मान वर न करता. चर्चमध्ये त्या हे सांगायला उभ्या राहिल्या तर ती साक्ष धरायची की नाही, आणि मजकूर कोण तपासणार?

माझं मागणं काय ते लिहितो. यादीतून काढलेली नावं परत घ्या. वार्षिक सभा जानेवारीत घेऊ नका, मे महिन्यात घ्या, सगळे गावात असताना. वर्गणीचं वर्ष ज्याच्या त्याच्या हंगामाप्रमाणे धरा. शेतकऱ्याला आपण सुगीपर्यंत थांबतोच, मग तोडकऱ्याला पट्टा पडेपर्यंत का नाही? लिहून दाखवायचा नियम काढा, आणि चुकलं तर शिकवण्याची जबाबदारी आम्हा शिकलेल्यांवर टाका. ती मी माझ्यापुरती आजच घेतो. आणि पाळकसाहेबांना हात जोडून विनंती, हंगामात एकदा तरी तळावर या. तिकडे वर्षाचे सहा महिने प्रभुभोजन कुणाला मिळत नाही. एसटी जाते, पुढे ट्रॉली मिळते, कोपीत झोपायला जागा करून देतात. मी बरोबर येईन.

परवा मावशींचा फोन आला होता. पट्टा पडायला आठ-दहा दिवस उरलेत, झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, गावात पोचू म्हणाल्या. मोबाईलमधलं कार्ड बिघडलंय, यिर्मयाच्या पुस्तकापासून पुढे वाजत नाही, तेवढं नवीन भरून ठेवा म्हणाल्या. यादीचं मी त्यांना काही सांगितलेलं नाही. कार्ड भरून तयार आहे. आल्यावर त्या घ्यायला येतील तेव्हा रजिस्टरचं काय सांगायचं, ते तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

आपला प्रभूतील बंधू,
मंडळीचा एक सभासद
जिल्हा बीड